पहिली ओळ पुसायची नाही

कुलूप लावलं की सर ते लगेच पुन्हा उघडत आणि मग परत लावत. घराचं, शाळेतल्या कपाटाचं, अगदी सायकलचंसुद्धा. मी नव्यानं रुजू झाले तेव्हा मला वाटलं, वयामुळे विसरत असतील बिचारे. शेवटी एकदा न राहवून विचारलं, तर माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत म्हणाले, "मॅडम, कुलूप लागलं हे त दिसूनच राह्यलं. उघडते का नाई, हे कुठी दिसते? ते पाहा लागते ना."

आमची शाळा सिंदेवाहीच्या पुढं, एका बाजूला जंगल आणि दुसऱ्या बाजूला तलाव अशा गावात. सर गणित शिकवायचे आणि मी मराठी. ते त्याआधी बरीच वर्षं एटापल्लीकडं, आदिवासी भागात होते, त्यामुळे शाळेत आले की नमस्काराऐवजी सगळ्यांना "जोहार" म्हणायचे. मुख्याध्यापकांनाही जोहार आणि घंटा वाजवणाऱ्या शिपायालाही जोहार. पोरांनी त्यांचं नाव 'ताळासर' ठेवलं होतं. ताळा म्हणजे काढलेलं उत्तर पुन्हा गणितात ठेवून ते बसतं की नाही हे पाहणं. बाकीचे मास्तर ताळा वहीपुरता करतात. सरांना जगण्यातली एकही गोष्ट ताळ्याशिवाय पचत नसे.

शर्ट शिवून झाला की ते शिंप्याच्या दुकानातच अंगात घालत आणि भिंतीकडं तोंड करून उजवा हात वर नेत, डावीकडून उजवीकडं हलवत. गिऱ्हाइकं बघत राहायची. "मी शर्ट घालून उभा नाई राहत भाऊ, फळ्यावर लिवतो. बगलेत वढते का ते पाहून राह्यलो." कुणी अनोळखी मोटारसायकलवाल्यानं सिंदेवाहीचा रस्ता विचारला, तर सर नीट सांगत आणि मग त्याला सोडतच नसत. "आता तिथून इथी परत कसे याल, ते मले सांगा." तो बिचारा घाईत असायचा, पण सुटका नव्हती. एकानं तर चिडून म्हटलं होतं, "मले परत याचंच नाई, सर!"

मला गणिताचं फारसं प्रेम नाही. शाळेत असताना मी ते कडू औषधासारखं गिळलं आणि दहावीनंतर त्याच्याकडं वळून पाहिलं नाही. पण माझा तास त्यांच्यानंतर असे आणि ते कधीच वेळेवर वर्ग सोडत नसत, म्हणून दाराशी उभं राहून मी त्यांचं शिकवणं बरंच ऐकलं. आधी वैतागून ऐकलं आणि मग ओढीनं ऐकायला लागले.

त्यांचा जीव होता वर्गमुळांच्या समीकरणांवर. दहावीच्या पुस्तकात ती नव्हतीच म्हणा, पण सर प्रत्येक पेपरात आपल्या पदरची दोन-तीन घालायचे. वर्गमुळाच्या चिन्हाला ते छप्पर म्हणत. फळ्यावर लिहायचे:

√(क्ष + ७) = क्ष − ५

या पहिल्या ओळीभोवती ते एक चौकट काढत. तास संपेपर्यंत ती चौकट पुसायची नाही, असा सक्त नियम होता. खाली जागा संपली तरी चालेल, अक्षर मुंगीएवढं झालं तरी चालेल, पण पहिल्या ओळीला हात लावायचा नाही. एका मॉनिटरनं एकदा उत्साहानं सगळा फळा स्वच्छ केला, तर सर असे बघत राहिले की त्या पोरानं पुढं वर्षभर डस्टरला हात लावला नाही.

"क्ष छपराखाली बसला हाये," ते सांगत. "त्याले बाहेर काढाचा त दोन्हीकडचा वर्ग करा लागते. एकीकडचा नाई, दोन्हीकडचा. पन वर्ग केला का त्याच घडीले एक गोष्ट हरवते. काय हरवते?"

सर फळ्यावर खडू आपटत. "उणे हरवते, बाप्पा! अधिक तीनचा वर्ग नऊ, उणे तीनचा वर्गही नऊ. आता नवाकडं पाहून सांगता येते का, आंदी कोन होता?"

मग पुढची आकडेमोड होई आणि शेवटी दोन उत्तरं हातात येत, नऊ आणि दोन. इथं पोरं हमखास चुकायची. ताळा करायला सांगितलं की पहिली ओळ सोडून वर्ग केल्यानंतरच्या ओळीत आकडे ठेवून पाहायची. तिथं नऊही बसतो आणि दोनही बसतो. पोरं खूश होऊन दोन्ही उत्तरांखाली दुहेरी रेघ मारायची. सर म्हणत, "तिथी बसतेच. हरवल्यानंतर इचारलं त सगळेच हो म्हन्ते. पैल्या ओळीत जाऊन इचारा."

पहिल्या ओळीत नऊ ठेवला की छपराखाली सोळा होतात, वर्गमूळ चार, आणि पलीकडं नवातून पाच गेले म्हणजे चार. बसला. दोन ठेवला की छपराखाली नऊ, वर्गमूळ तीन, आणि पलीकडं उणे तीन. नाही बसला. मग एखादं पोरगं ओरडे, "सर, दोन खोटा!" आणि सर दुखावल्यासारखे होत. "खोटा नोको म्हनू. इथचा नाई म्हन." लगेच ते पहिल्या ओळीत थोडा बदल करून 'क्ष − ५' च्या जागी '५ − क्ष' लिहीत. वर्ग केला की खालचं सगळं गणित तेच, उत्तरंही तीच, नऊ आणि दोन. पण आता दोन बसे आणि नऊ बाहेर राही. पोरं तोंडाचा आ करून बघत. खरं सांगायचं तर दाराशी उभी राहून मीही तशीच बघत होते.

घरी आल्यावर मी तो प्रकार कागदावर करून पाहिला. कितीतरी वर्षांनी मी गणित सोडवत होते आणि तेही कुणी मागे छडी घेऊन उभं नसताना. उत्तर बसल्यावर जो आनंद झाला तो नवऱ्याला सांगितला, तर तो म्हणाला, भाजी करपतेय.

ही त्यांची पहिली ओळ वर्गाबाहेर मात्र भलतीच महागात पडू शकत असे. एकदा गावच्या ग्रुपवर आलं की शाळेमागच्या नाल्यात वाघ आला. स्टाफरूममध्ये ज्यानं त्यानं छातीठोकपणे सांगितलं. सरांनी प्रत्येकाला विचारलं, "तुम्ही पाह्यला?" याला त्यानं सांगितलं, त्याला तिनं सांगितलं, आणि सगळा माग खिचडी शिजवणाऱ्या बाईंपर्यंत गेला. त्यांनीही फक्त काहीतरी पिवळं हललेलं पाहिलं होतं. सर विजयी मुद्रेनं म्हणाले, "पाच जनांनं सांगतलं म्हनजे पाच ताळे नाई होत. एकच ओळ पाच खेप लिवली तुम्ही." एवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. पण हे गृहस्थ छत्री घेऊन नाल्याकडं निघाले. थोड्या वेळानं वनरक्षक त्यांना दंडाला धरून घेऊन आला. सरांचा चेहरा पांढराफटक पडलेला. नाल्याच्या ओल्या वाळूत ताजे पंजे होते. वनरक्षक बोलतच होता, "सर, ताळा कराले वाघापाशी जाते का कोनी?" सर पाणी प्यायले आणि एवढंच म्हणाले, "बरोबर हाये. वाघ हाये."

त्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. त्या राजुऱ्याकडच्या, मीही तिकडचीच, म्हणून माझं त्यांच्याकडं जाणं-येणं होतं. त्यांनीच मला लग्नाची गोष्ट सांगितली. पाहण्याचा कार्यक्रम झाला, काकूंच्या वडलांनी होकार दिला, मामांनी दिला, सुपारी फुटली, पाहुणे गेले. संध्याकाळी सर एकटेच सायकल हाणत परत आले. घरात एकच गोंधळ, मुलाचा विचार फिरला की काय म्हणून. सर अंगणात उभे राहून काकूंना म्हणाले, "सगळ्यायनं हो म्हटलं. तुमचं काय?" काकू हे सांगताना अजून लाजत. "जन्मात मले इचारनारा हा एकच मानूस भेटला," असं म्हणून त्या चहात साखर घालत आणि सर ती ढवळली गेली की नाही हे चमच्यानं बघत.

असा हा माणूस. आणि त्यानंच वनिताला विचारलं नाही.

वनिता तलावाकाठच्या ढिवरांच्या टोलीतली, म्हणजे मासेमारांच्या वस्तीतली. आईबाप तलावात मासे धरत, हंगामात धानाच्या कामाला जात. ती सायकलवरून शाळेत यायची. बोलणं कमी, अभ्यासात बेताची, पण नजर फळ्यावरून न हलवणारी पोरगी. दहावीच्या वर्गाची मी वर्गशिक्षिका होते, आणि सहामाही परीक्षेत तिच्या शेजारी वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी बसली होती.

पेपर तपासता तपासता सरांनी मला हाक मारली. वनिताच्या पेपरात वर्गमुळाच्या गणिताखाली एकही पायरी नव्हती. नुसतं 'क्ष = ९', आणि त्याखाली सुबक अक्षरात ताळा. दुसऱ्या गणिताचंही तसंच आणि तिसऱ्याचंही. शेजारच्या मुलीची उत्तरं तीच होती. "रस्ता नाई आन् मानूस गावात हजर," सर म्हणाले. "कसा आला हा? कोनाच्या तरी गाडीवर बसून आला." त्यांचा आवाज दुखावलेला होता. कॉपीचा राग त्यांना येतच असे, पण ताळ्याची कॉपी म्हणजे देवळातली चोरी वाटली असावी.

दुसऱ्या दिवशी पेपर वाटताना मी नेहमीसारखी दाराशी उभी होते. वनिताचं नाव घेऊन सर सगळ्यांसमोर म्हणाले, "उत्तर शेजारच्या घरातून उचलून आनलं हिनं." वर्ग हसला. वनितानं पेपर घेतला, चार घड्या घातल्या आणि खाली बसली. ती काहीच बोलली नाही, आणि तिचं न बोलणं आम्ही सगळ्यांनी कबुली धरून टाकलं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ती शाळेत आली नाही. तिच्या टोलीतल्या मुली म्हणाल्या, "ते नाई येत म्हन्ते मॅडम. धान कापाले जाते." बोर्डाचे फॉर्म भरायचे दिवस जवळ आले होते. मुख्याध्यापक म्हणाले, "कच्ची आहे ती. यंदा नाही बसली तरी काही बिघडत नाही. आपला निकाल तरी नीट लागेल." एका मुलीचं शिक्षण कसं थांबतं हे मी राजुऱ्यात माझ्या बरोबरीच्या मैत्रिणींचं पाहिलं होतं. 'यंदा नको' म्हणूनच ते थांबतं, आणि पुढच्या वर्षी तिचं लग्न असतं.

मी संध्याकाळी सरांकडं गेले आणि वनिताचं सांगितलं. सर बचावाला लागले. "मी तिचा पेपर पाह्यला. शेजारचीचा पाह्यला. दोन्ही जुळले. आनखी कोनता ताळा करू?"

काकू चुलीपाशी होत्या. वळूनही न पाहता त्यांनी विचारलं, "तिले इचारलं?"

सरांच्या हातात चहाची बशी होती. ती त्यांनी खाली ठेवली. काकू पुढं म्हणाल्या, "मले इचाराले त सायकल हानत आलते." सर उठून आत गेले ते मी निघेपर्यंत बाहेर आले नाहीत.

रविवारी सकाळी मात्र सर माझ्या दारात हजर. मुलीच्या घरी जायचं तर मॅडम सोबत पाहिजेत, म्हणाले. मी स्कूटी काढली. बसण्याआधी त्यांनी दोन्ही ब्रेक दाबून पाहिले आणि मग माझ्यामागं छत्री मांडीवर घेऊन बसले.

वनिताची आई अंगणात झिंगे वाळत घालत होती आणि बाप ओसरीवर फाटलेलं जाळं सांधत होता. आम्हाला बघून दोघंही गडबडले, बाज टाकली, पाणी आणलं. थोड्या वेळानं वनिता विळा घेऊन शेतावरून आली. आम्हाला बघून दारातच थांबली.

सर उगाच इकडचं तिकडचं बोलले नाहीत. "पोरी, ते नऊ उत्तर तुवं कसं काढलं?"

"टाकून पाह्यलं," ती म्हणाली.

"काय टाकून पाह्यलं?"

"आकडे. छपराखाली क्ष आन् सात. त्याचं वर्गमूळ पुरं निंगाले पायजे. दोन टाकला त नऊ होते, तीन निंगते. पन तिकडं उणे तीन येते. नाई बसला. मंग नऊ टाकला. सोळा होते, चार निंगते. तिकडंही चार. बसला."

"मंग पायऱ्या काऊन नाई लिवल्या?"

"पायऱ्या केल्याच नाई, त लिवू कशा?" तिनं जरा थांबून पुढं म्हटलं, "तुमीच म्हन्ता ना सर, पैल्या ओळीत टाकून पाहा. मी पैलेपासून तिथीच टाकून पाह्यलं."

सर बाजेवरून उठून उभे राहिले. इतकी वर्षं ते पोरांना जे ओरडून सांगत होते, ते एका पोरीनं शब्दशः ऐकलं होतं, इतकं की तिला वर्ग करण्याची गरजच पडली नव्हती. आणि त्यांनी तिलाच चोर ठरवलं होतं. "चूक माही झाली, पोरी," ते म्हणाले. हात जोडतात की काय असं मला वाटलं. बाप घाईघाईनं म्हणाला, "जाऊ द्या सर, लेकरू हाये."

वनिता म्हणाली, "तुमी वर्गात म्हटलं होतं." आणि विळा ठेवायला आत निघून गेली.

आईनं तिला हाक मारून दटावलं. सरांनी आईला हातानं थांबवलं. त्यांना कळलं होतं, मलाही कळलं. मोठ्यांसमोर असं बोलायला त्या पोरीला काय लागलं असेल, या विचारानं माझे डोळे भरून आले.

सर अंगणात उकिडवे बसले आणि एका काडीनं धुळीत लिहिलं: √(क्ष + ७) = क्ष − ४. मग तिला हाक मारली. "वनिता, हे एक पाह्य." ती आली. आधी लांबूनच पाहिलं, मग तीही खाली बसली. बोटानं बाजूला आकडे लिहीत, पुसत राहिली. आई दोनदा जेवायला वाढू का विचारून गेली. सरांनी वनिताला काही सुचवलं नाही.

शेवटी ती म्हणाली, "सात टाकला त छपराखाली चौदा. तीनच्या वरतं काही निंगते, आन् तिकडं नुस्ते तीन. आठ टाकला त पंधरा. त्याचं चारले कमी पडते, आन् तिकडं पुरे चार. सातले तिकडचं कमी, आठले तिकडचं जास्त. मंग तो मधातच कुठीतरी असन. आठच्या जवळ. पन कोन हाये, ते मले नाई सापडत."

सर त्या धुळीकडं बघत राहिले. "हे मले आजपर्यंत कोनी सांगतलं नोव्हतं," ते म्हणाले. "सगळे पोट्टे पायऱ्या करते आन् उत्तर आलं का रेघ वढते. ते उत्तर कुठी राह्यते, हे कोनी नाई पाहत." मग तिच्याकडं बघून म्हणाले, "टाकून पाहून तो नाई सापडत. पायऱ्यानंच सापडते. पायऱ्या त्याच्यासाठीच असते."

"मंग सांगा."

"इथी नाई," सर म्हणाले. "उद्या वर्गात सांगतो. जे सांगाचं हाये ते तिथीच सांगा लागते."

ती येईन म्हणाली नाही आणि नाही असंही म्हणाली नाही.

सोमवारी सकाळीच ते मुख्याध्यापकांकडं गेले आणि वनिताचा फॉर्म भरा म्हणाले. "नापास झाली तर?" मुख्याध्यापकांनी विचारलं. "त नापास होईन," सर म्हणाले. "पन बसू न देता तिले पैलेच काढून टाकनारे आपुन कोन?" मुख्याध्यापकांनी मान हलवली, म्हणाले, आधी शाळेत तर येऊ द्या तिला. खरी भीती तीच होती. तिला शाळेत आणणं आमच्यापैकी कुणाच्याच हातात नव्हतं.

पहिला तास सरांचा. त्यांनी फळ्यावर कालचं समीकरण लिहिलं, चौकट काढली आणि थांबले. वनिताची जागा रिकामी होती. पोरं चुळबुळ करायला लागली. सरांनी हजेरी घेतली, खडू या हातातून त्या हातात घेतला, खिडकीबाहेर पाहिलं, पण गणित सुरू केलं नाही. माझा तो तास मोकळा होता. मी व्हरांड्यात उभी होते आणि मनातल्या मनात त्या पोरीला ये, ये म्हणत होते.

ती आली. सायकलची चेन पडली होती, हात काळे झाले होते. दाराशी उभं राहून तिनं आत येऊ का विचारलं आणि सरांनी मानेनं आत बोलावलं. ती जागेवर जाऊन बसली, ओढणीच्या टोकाला हात पुसले आणि वही उघडली.

सरांनी खडू टेबलावर ठेवला. एरवी वर्गात बोलत तशी बोली त्यांनी वापरली नाही, एकेक शब्द ठरवून आल्यासारखे बोलले. "दिवाळीच्या आधी मी या वर्गात म्हणालो होतो की वनितानं उत्तर चोरलं. तिनं चोरलं नव्हतं. ते तिचं स्वतःचं होतं, आणि बरोबर होतं. मी तिला काही विचारलं नाही आणि तुम्हा सगळ्यांसमोर तिच्यावर खोटा आळ घेतला. तेव्हा तुम्ही हसला होतात, माझ्यामुळे हसला होतात. तेव्हा जे ऐकलं ते खोटं होतं, आज हे ऐका. चूक माझी होती."

सर वनिताकडं बघत होते. ती रडेल असं मला वाटलं, किंवा निदान मान खाली घालेल. तिनं पेनाचं टोपण काढलं आणि फळ्याकडं पाहत म्हणाली, "आयकलं, सर. आता पुढची पायरी सांगा."

सर फळ्याकडं वळले खरे, पण बराच वेळ त्यांना काही लिहिता येईना. ती पेन घेऊन थांबली होती.